दख्खनच्या पाखरांचा पहिला मोजणीदार

महाबळेश्वरच्या जांभूळ-अंजनीच्या रानात, कोयनेकाठच्या कारवीत किंवा सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या चांदोलीच्या जंगलात एक पक्षी असा आहे, की तो दहादा ऐकू यावा तेव्हा कुठे एकदा दिसावा. प्रथम येते ती तीन-चार सुरांची घुमणारी, मऊ शीळ. तिच्या पाठोपाठ, जणू त्याच गळ्यातून निघाल्यासारखे, एक तुटक उत्तर. पहिला सूर नराचा असतो आणि दुसरा मादीचा. पण दोहोंत इतके कमी अंतर असते की ऐकणाऱ्याला एकच पक्षी गातो आहे असे वाटते. आवाजाच्या रोखाने दुर्बीण फिरवावी, तर तिथे असतो तो फक्त हलणारा पालापाचोळा. पक्षी जमिनीलगतच्या गचपणात उड्या मारीत, पाने उलटीपालटी करीत पुढे सरकलेला असतो. नशीब जोरावर असेल त्याला क्षणभर दिसते ती पिवळी, तलवारीसारखी वाकडी चोच, डोळ्यावरची लांब पांढरी भुवई आणि पांढराशुभ्र गळा. आपल्याकडचे पक्षीनिरीक्षक सातभाईंच्या गोतातील या पक्ष्याला ‘सिमिटार बॅबलर’ या इंग्रजी नावानेच ओळखतात.

या लपंडाव खेळणाऱ्या गायकाची शास्त्राच्या दप्तरी पहिली नोंद 1832 मध्ये झाली. ती करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे पेशाने पक्षीशास्त्रज्ञ नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतले ते अधिकारी होते आणि सरकारने त्यांना नेमले होते ते माणसे, नांगर, विहिरी आणि शेतसारा मोजण्यासाठी. त्या मोजणीचे अहवाल आज अभ्यासकांखेरीज कोणी उघडत नाही. तिच्या जोडीने त्यांनी केलेली पाखरांची यादी मात्र जिवंत आहे. सातारा-सांगलीच्या रानामाळात हिंडणारा आजचा निरीक्षक वहीत पक्ष्यांची शास्त्रीय नावे लिहितो, तेव्हा त्यांतल्या अनेकांमागे साइक्स हे आडनाव त्याला लिहावे लागते.

साइक्स यांचा जन्म 25 जानेवारी 1790 रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, ब्रॅडफर्डजवळ झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना कंपनीच्या लष्करात कमिशन मिळाले आणि त्यांची नेमणूक मुंबई फौजेत झाली. 1805 मध्ये लॉर्ड लेक यांनी भरतपूरला वेढा घातला, तेव्हा हा पोरसवदा अधिकारी त्या मोहिमेत होता. पुढे 1817 मध्ये पेशवाईचे भवितव्य ठरविणारी खडकीची लढाई झाली. तीत आणि त्यानंतरच्या पुण्याच्या लढाईत साइक्स लढले. डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमांतही त्यांचा भाग होता. म्हणजे ज्या मुलखाची त्यांनी पुढे इतक्या आस्थेने नोंद केली, तो मुलूख त्यांनी आधी जिंकणाऱ्यांच्या बाजूने पाहिला होता, हे विसरता येत नाही. 1820 ते 1824 ही वर्षे त्यांनी युरोपच्या प्रवासात घालविली. ते हिंदुस्थानात परतले तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांच्या हाती तलवारीऐवजी टाक दिला.

ऑक्टोबर 1824 मध्ये साइक्स मुंबई सरकारचे ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ झाले. पेशवाई बुडून सहा वर्षे झाली होती. नव्या राज्यकर्त्यांच्या ताब्यात मुलूख आला होता, पण त्या मुलखात काय आहे याचा पत्ता त्यांना नव्हता. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांची बारकाईने पाहणी करण्याचे काम साइक्स यांच्याकडे आले. पुढची सहा वर्षे त्यांचा मुक्काम बव्हंशी तंबूत होता. मिरासदार कोण आणि उपरी कोण, पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क कोणते, बलुतेदारांना काय मिळते, गावात घरे किती आणि बैल किती, हे सारे त्यांनी टिपले. दख्खनच्या लोकसंख्येची गणती केली. शिवाय हवामानाचे वेड होते ते वेगळेच. वायुभारमापक घेऊन ते हिंडत आणि दिवसाच्या ठराविक वेळांना नोंदी करीत. डोंगराची उंची काढण्यासाठी त्यांना महागडे उपकरण लागत नसे; साधा तापमापक आणि उकळत्या पाण्याचे भांडे पुरे होई. उंचीवर पाणी कमी उष्णतेला उकळते, त्यावरून ते उंचीचा हिशेब मांडीत. या पद्धतीवर त्यांनी पुढे निबंधही लिहिला. अशा माणसाच्या तंबूपुढच्या झाडावर एखादे अनोळखी पाखरू बसले, तर ते मोजणीतून सुटणे कठीणच होते.

आता एक प्रश्न उरतो. साइक्स यांच्या चार जिल्ह्यांत सातारा नव्हता. साताऱ्याला तेव्हा छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे राज्य होते आणि सांगलीला पटवर्धनांचे संस्थान. आजचा सांगली जिल्हा तर पुष्कळ उशिरा, 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून जन्माला आला. सांगली हे नाव त्याला 1960 मध्ये मिळाले. मग साताऱ्याच्या डोंगरातील पक्षी कंपनीच्या मोजणीदाराच्या यादीत कसा शिरला? एक तर पाखरांना सरहद्द नसते आणि साइक्स यांनी यादी केली ती चार जिल्ह्यांची नव्हे, तर ते ज्याला ‘डकन’ म्हणत त्या अवघ्या दख्खनची. दुसरे असे, की ती वर्षे नेमकी महाबळेश्वर उदयाला येण्याची होती. 1824 मध्ये जनरल लॉडविक यांनी या पठारावर चढून तिथली थंड हवा साहेबलोकांच्या नजरेस आणली. ते जिथे पोचले त्या कड्याला आजही लॉडविक पॉइंट म्हणतात. प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून वर रस्ता बांधून दिला. मे 1829 च्या करारान्वये महाराजांनी हे ठिकाण इंग्रजांना दिले आणि बदल्यात वाईकडचे खंडाळा गाव घेतले. तिथल्या पेठेला नाव मिळाले ते तेव्हाचे गव्हर्नर सर जॉन मालकम यांचे. मालकमपेठ वसत होती, बंगल्यांसाठी रान तुटत होते आणि त्याच रानातल्या गचपणात ती दोन सुरांची जुगलबंदी चालू होती. या पक्ष्याच्या मूळ स्थानाचा विषय निघतो तेव्हा तज्ज्ञ घाटमाथ्याचे आणि त्यातही महाबळेश्वरचे नाव घेतात.

त्या काळी पक्षी ‘पाहणे’ म्हणजे पक्षी मारणे, हे आजच्या वाचकाला रुचणार नाही. पण दुसरा मार्ग नव्हता. जवळ आणणारी हलकी दुर्बीण नव्हती, कॅमेरा नव्हता, आवाज साठविण्याची सोय नव्हती. बंदुकीचा बारीक छर्रा, मग कातडी सोलून, औषध लावून, कापूस भरून केलेला नमुना आणि पायाला बांधलेली चिठ्ठी, एवढ्यावर शास्त्र उभे होते. माळावरच्या किंवा तळ्याकाठच्या पक्ष्यासाठी हे सोपे. झुडपातून बाहेर न येणाऱ्या, उडण्यापेक्षा उड्या मारणे पसंत करणाऱ्या, जोडीने किंवा चार-सहांच्या टोळीने पाचोळ्यात वावरणाऱ्या या पक्ष्याला टिपायचे, तर आधी त्याचा आवाज ओळखावा लागतो, त्याची वाट ठाऊक असावी लागते आणि बराच वेळ निमूट बसावे लागते. घाटातला माणूस हे जाणतो. तंबूतला साहेब त्याच्याकडूनच ते शिकू शकत होता. आणि एवढे करून हाती येई ते मुके कातडे. ज्या शिळेमुळे हा पक्षी ओळखला जातो, ती लंडनच्या पेटीत कधी पोचणारच नव्हती.

मोजणी अशी रंगात आली असताना वरून कुऱ्हाड कोसळली. कंपनीचा खर्च कमी करण्याच्या धोरणात डिसेंबर 1829 मध्ये ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ हे पदच रद्द झाले. दुसरा कोणी असता तर बाडबिस्तरा गुंडाळून पलटणीत परतला असता. साइक्स यांनी रजा मागितली आणि अर्धवट राहिलेले काम खासगी नात्याने पुरे करण्याची परवानगी मिळविली. जानेवारी 1831 मध्ये ते संपवूनच त्यांनी मायदेशाची वाट धरली. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले खरे मोठेपण या तेरा महिन्यांत आहे. पुढे त्यांना मानाची पुष्कळ पदे मिळाली, पण ती मिळालेली होती. हे काम मात्र त्यांनी हातचे जाऊ दिले नाही.

हे पद रद्द झाले ते मालकम यांच्या कारकिर्दीत. तरीही साइक्स यांनी आपल्या यादीतल्या मोठ्या राखी सातभाईला मालकम यांचे नाव दिले. आज त्याला शास्त्रात ‘अर्ग्या मालकमी’ म्हणतात. माणदेशात किंवा जतच्या बाभूळबनात हे सातभाई टोळीने उतरले, की त्यांच्या कलकलाटाने परिसर दणाणून जातो. मालकम हे फार बोलके गृहस्थ म्हणून त्यांच्या मित्रमंडळींत प्रसिद्ध होते; अशा पक्ष्याला त्यांचे नाव लाभावे, हा योगायोग गमतीचा खरा. ज्यांनी नेमणूक दिली त्या एल्फिन्स्टन यांच्या वाट्याला मात्र घाटातल्या सदाहरित रानात राहणारे, शांत, भिडस्त रानकबूतर आले. त्याला ‘निलगिरी वुड पिजन’ म्हणतात आणि त्याच्या शास्त्रीय नावात एल्फिन्स्टन अजून आहेत.

लंडनला पोचल्यावर साइक्स यांनी आपल्या पेट्या उघडल्या. तिथल्या झूऑलॉजिकल सोसायटीची स्थापना 1826 मध्ये झाली होती आणि परमुलखातल्या प्राण्यांविषयी विलक्षण उत्सुकता होती. 1831 मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची आणि 1832 मध्ये पक्ष्यांची यादी त्यांनी सोसायटीपुढे ठेवली. पक्ष्यांच्या दोनशेहून अधिक जाती तीत होत्या. त्यांपैकी 56 शास्त्राला नव्या असल्याचे मानले गेले. आपल्या ओढ्याकाठी ध्यानस्थ बसणारी, उडाली की एकाएकी पांढरी दिसणारी ढोकरी या यादीतलीच. घाटात फुलांवर भिरभिरणारे दोन चिमुकले सूर्यपक्षीही तीतलेच. त्यांतल्या एकाला साइक्स यांनी सोसायटीचे पहिले चिटणीस निकोलस व्हिगर्स यांचे नाव दिले. आपल्या झुडपातल्या गायकाला नाव मिळाले डॉ. थॉमस हॉर्सफिल्ड यांचे. जन्माने अमेरिकन असलेले हे डॉक्टर जावा बेटावर अनेक वर्षे संशोधन करून लंडनला आले होते आणि कंपनीच्या संग्रहालयाचा कारभार पाहत होते. महाबळेश्वरच्या रानाशी त्यांचा संबंध नव्हता. ‘पोमॅटोऱ्हायनस हॉर्सफिल्डी’ हे नाव आज आपण उच्चारतो, ते लंडनमधल्या या स्नेहापोटी.

सारी नावे मात्र अशी साहेबी नाहीत. लॅटिनच्या चौकटीत साइक्स यांनी मराठी मुलूख बसविला, आणि तो इतक्या सहजपणे की आज नवल वाटते. डोंगरातल्या काळ्या बुलबुलाला त्यांनी ‘गणेशा’ म्हटले. माळावर उंच जाऊन गाणाऱ्या छोट्या तुरेवाल्या चंडोलाला ‘देवा’. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणाऱ्या, झुडपात दडून राहणाऱ्या फिकट वटवट्याला ‘रामा’. एका रातव्याला ‘माहरॅटेन्सिस’, म्हणजे मराठ्यांचा. एका धोब्याला, आणि कोळसुंद्यालाही, ‘डखुनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा. कोळसुंद्याचे मराठी नाव त्यांनी कानाला आले तसे ‘कोलसुन’ असे उतरवून ठेवले. खोकडाला त्यांनी दिलेले ‘कोक्री’ टिकले नाही, कारण त्या प्राण्याचे नामकरण आधीच झालेले होते. पुढे 1839 मध्ये दख्खनच्या माशांवरचे काम पुढे आले, तेव्हा तर त्यांनी कोळ्यांच्या तोंडची नावेच उचलली. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला महसीर ‘खुद्री’ झाला, काटेरी मिशाळ मासा ‘सींगटी’ झाला. कृष्णाकाठच्या बाजारात शिंगटी विकत घेणाऱ्या गृहिणीला आपण लॅटिन बोलतो आहोत याची कल्पना नसते.

या नावांचा अर्थ एवढाच, की साइक्स यांनी विचारले आणि कोणीतरी सांगितले. सांगणारे शिकारी, भोई, कोळी, गुराखी आणि तंबूवरचे नोकर होते, हे उघड आहे. हॉर्सफिल्ड, व्हिगर्स, मालकम आणि एल्फिन्स्टन पाखरांच्या नावांत अमर झाले. ज्याने झुडपाकडे बोट दाखविले, त्याच्या नावाचा एकही पक्षी नाही. हा दोष एकट्या साइक्स यांचा नव्हे. त्या काळच्या शास्त्राची रीतच तशी होती. पण मोजणीत बैलसुद्धा सोडले नाहीत, त्यांच्याकडून ही एक नोंद राहून गेली, ही खंत वाटतेच.

साइक्स यांची यादी हाती घेऊन आज महाबळेश्वरहून पूर्वेकडे निघावे, तर तासा-दोन तासांत वेगळे जग लागते. घाटावरचा धुवाधार पाऊस वाईच्या पुढे झपाट्याने ओसरतो. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा सारा कोरडा मुलूख. ‘देवा’ नावाचा चंडोल इथला, खडकाळ माळावर पायांखालून भुर्रकन उडणारी लाव्हरी इथली, मालकमचा सातभाई इथला. लांडग्यालाही साइक्स यांनी 1831 मध्येच ‘पॅलिपीस’ हे नाव दिले आणि आपला भारतीय लांडगा आजही त्याच नावाने ओळखला जातो. या पक्ष्या-प्राण्यांना झाडी नको, माळरान हवे. सरकारी दप्तरात हे माळ बहुधा पडीक जमीन म्हणून नोंदले जातात आणि मग कुठे नांगराखाली, कुठे वस्तीखाली, कुठे भलत्याच झाडांच्या लागवडीखाली जातात. घाटातल्या रानाला त्या मानाने संरक्षण लाभले. कोयनेचे अभयारण्य 1985 मध्ये झाले, चांदोलीला 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि 2010 मध्ये ही दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आकाराला आला. कोळसुंद्यांच्या टोळ्या तिथे आहेत. दोन सुरांची ती शीळही आहे.

साइक्स यांचे पुढचे आयुष्य इंग्लंडात गेले आणि ते भरगच्च होते. 1833 मध्ये कर्नलच्या हुद्द्यावर ते निवृत्त झाले; 1834 मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. त्याच वर्षी लंडनमध्ये स्टॅटिस्टिकल सोसायटी निघाली. तिच्या संस्थापकांत ते होते आणि उतारवयात तिचे अध्यक्षही झाले. मनोरुग्णांच्या व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या मंडळावर त्यांनी 1835 पासून दहा वर्षे काम केले. वेरूळच्या लेण्यांवर त्यांनी पूर्वीच लिहिले होते. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेखांवर आणि मुसलमानी स्वाऱ्यांपूर्वीच्या हिंदुस्थानच्या स्थितीवर आता लिहिले. 1840 मध्ये ते कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. त्याच्या आदल्याच वर्षी कंपनीने प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडले होते. महाबळेश्वरचा रस्ता बांधून देणारा राजा 1847 मध्ये तिकडेच वारला. दुसऱ्या वर्षी त्याचे बंधू शहाजीराजे वारल्यावर साताऱ्याचे राज्य खालसा झाले. 1856 मध्ये साइक्स कंपनीचे अध्यक्ष झाले. 1857 मध्ये ते स्कॉटलंडमधील ॲबर्डीनमधून पार्लमेंटवर निवडून आले आणि मृत्यूपर्यंत ती जागा त्यांच्याकडेच राहिली.

शास्त्राच्या जगात त्यांच्या पाखरांचे काय झाले, ही कथा अधिक मनोरंजक आहे. विसाव्या शतकात पक्ष्यांच्या जाती एकत्र करण्याची लाट आली. साइक्स यांचा ‘गणेशा’ हिमालयातल्या काळ्या बुलबुलाची नुसती पोटजात ठरला. ‘रामा’ दुसऱ्या एका वटवट्यात विलीन झाला. झुडपातल्या वाकड्या चोचीच्या गायकालाही अनेक तज्ज्ञांनी हिमालयातल्या भाऊबंदाच्या पंगतीत बसविले. रानात जो सापडत नव्हता, तो पुस्तकातही हरवला. मग गेल्या काही दशकांत आवाजांची ध्वनिमुद्रणे जमू लागली, जनुकांची तुलना होऊ लागली आणि पारडे फिरले. तिघेही आज स्वतंत्र जाती मानले जातात. हातात मुकी कातडी, डोळ्यांना दिसणारे रंग आणि मोजपट्टी एवढ्याच साधनांवर 1832 मध्ये काढलेला निष्कर्ष पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा ग्राह्य धरला गेला. आकडेमोडीच्या माणसाची नजर किती चोख होती, याचा याहून चांगला पुरावा नसावा.

16 जून 1872 रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, साइक्स यांचे लंडनमधील केन्सिंग्टन भागात निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी हिंदुस्थानातल्या पक्ष्यांना वाहिलेले ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक सुरू केले. कंपनीच्या संग्रहालयातील नमुने 1879-80 च्या सुमारास ब्रिटिश म्युझियमकडे गेले. दरम्यान अहमदनगर जिल्ह्यात राहणारे अमेरिकन मिशनरी सॅम्युएल फेअरबँक बंदूक आणि वही घेऊन सह्याद्रीत हिंडत होते. त्यांनी 1876 मध्ये खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव परिसरातील पक्ष्यांची यादी ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये प्रसिद्ध केली.